नौदलात ज्येष्ठता सांभाळून तरुण अधिकाऱ्यांना वर कसे आणावे?

सेवाज्येष्ठतेचा मान राखून तरुण अधिकाऱ्यांना वेळेवर वरची पदे कशी द्यावीत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते खरी अडचण वरच्या जागा मोकळ्या होण्याची आहे, कारण जहाजे मोजकी असतात आणि एका जहाजाला कॅप्टन एकच लागतो.

ब्रिटिश नौदलात एकदा ‘पोस्ट कॅप्टन’ (म्हणजे युद्धनौकेचा पूर्ण दर्जाचा कॅप्टन) झाले की पुढची बढती केवळ त्या तारखेच्या क्रमाने मिळे. पुढे नामांकित सेनानी ठरलेला नेल्सन १७७९ मध्ये, विसाव्या वर्षीच पोस्ट कॅप्टनांच्या यादीत आला, म्हणून अडतिसाव्या वर्षी रिअर ॲडमिरल (कॅप्टनच्या वरचा, ताफ्याचा अधिकारी) होऊ शकला. तितक्याच गुणी पण उशिरा यादीत आलेल्या माणसाला ताटकळत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. यावर नेल्सनच्या आधीच, १७४७ मध्ये तोड निघाली होती, ती अशी की वरच्या कॅप्टनांना रिअर ॲडमिरलचा हुद्दा द्यायचा, पण ताफा द्यायचा नाही, म्हणजे त्यांचा मानही राहतो आणि खालच्या लायक माणसाची वाटही मोकळी होते. अशांना ‘यलो ॲडमिरल’ म्हणत. मला ही तोड माणुसकीची वाटते.

याउलट अमेरिकेत १८५५ मध्ये पंधरा अधिकाऱ्यांच्या मंडळाने बंद दाराआड बसून २०१ अधिकाऱ्यांना सक्रिय सेवेतून दूर केले, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले नाही. ज्यांच्या वारे व प्रवाहांच्या नकाशांवर खलाशी विसंबून असत, ते पायाने अधू झालेले मॅथ्यू मॉरीही त्यांत होते. १८५८ मध्ये मॉरींना परत घ्यावे लागले. जागा मोकळ्या करणे गरजेचेच होते, पण ती रीत अन्यायाची होती, असे मी ठामपणे म्हणेन. पुढे १९१६ च्या कायद्याने तिथे कमांडरपासून वरच्या पदांसाठी निवड मंडळे आली.

म्हणून खालची पदे सेवाकाळानुसार द्यावीत, कॅप्टनपासून पुढे निवड करावी आणि प्रत्येक हुद्द्यावर किती वर्षे राहता येईल हे आधीच जाहीर असावे. निवड न झालेल्याला कारण सांगावे, पुन्हा एकदा संधी द्यावी, आणि तरीही तो मागे राहिला तर कालच्या कनिष्ठाच्या हाताखाली त्याच जहाजावर न ठेवता किनाऱ्यावरील प्रशिक्षणाचे किंवा गोदीचे काम त्याच हुद्द्याने, पूर्ण निवृत्तिवेतनाच्या हक्कासह सोपवावे.