घोड्यांच्या पदवीसाठी बागायत विकावी का?

सप्रेम नमस्कार,

आपल्या मुलीला इंग्लंडमधील सायरेन्सेस्टरच्या रॉयल ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीत अश्वव्यवसाय आणि कृषी-व्यवसाय व्यवस्थापनाची तीन वर्षांची पदवी घ्यायची आहे. त्यासाठी आपण धरलेल्या 75 लाखांपैकी 35 लाख ठेवी आणि म्युच्युअल फंडांतून उभे राहतील. उरलेल्या 40 लाखांसाठी फलटणजवळच्या सहा एकरांतील दोन एकर बागायत विकावी की शैक्षणिक कर्ज काढावे, असे आपण विचारले आहे. पहाटे साडेपाचला उठून घोड्याला खरारा करणारी मुलगी नुसत्या हौसेपोटी बोलत नसणार, आणि 1845 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या दर्जाविषयीही शंका नाही. प्रश्न फक्त हिशेबाचा आहे.

कर्ज 11 टक्क्यांनी मिळाले आणि ते तीन समान हप्त्यांत उचलले, तर शिक्षणाची तीन वर्षे आणि त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष मिळून सुमारे 13 लाख व्याज साठते. म्हणजे परतफेड सुरू होताना 40 चे 53 लाख झालेले असतात आणि दहा वर्षांसाठी दरमहा सुमारे 73 हजारांचा हप्ता बसतो. आपल्या पत्नी जुन्या करप्रणालीत असून कर्जात सहकर्जदार राहिल्या, तर त्यांनी भरलेल्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. पण वजावटीने हप्ता कमी होत नाही.

हा हप्ता कोणत्या पगारातून जाणार? इंग्लंडमध्ये कुशल कामगार व्हिसासाठी जुलै 2025 पासून सर्वसाधारण किमान वार्षिक पगार 41,700 पौंड आहे, तर नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी 33,400. शिकून झाल्यावर राहण्याची दोन वर्षांची मुभाही 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी दीड वर्षावर येत आहे. स्टड फार्मवरचे, म्हणजे घोड्यांच्या पैदास-केंद्रावरचे, सुरुवातीचे काम म्हणजे शिंगरांची देखभाल, रात्रपाळी आणि नोंदवह्या, आणि त्या कामाला एवढा पगार मिळेल असे धरून मी कोणालाही कर्ज काढू देणार नाही. भारतातील शर्यतींचा डोलारा पैजांवर उभा आहे आणि पैजेच्या पूर्ण रकमेवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 40 टक्के झाला आहे. पुणे-मुंबईची शर्यतींची वर्तुळे लहान आहेत. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्यांची उलाढाल मोठी होते, पण तेथे पदवी कोणी विचारत नाही. पिंपरीला हाफकिन या औषधनिर्मिती संस्थेत सर्पदंशावरचे औषध घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. तेथे व्यवस्थापकापेक्षा पशुवैद्याची गरज अधिक. थोडक्यात, या पदवीच्या नावातला कृषी-व्यवसाय हा भागच हप्ता फेडू शकेल, आणि तो भाग शिकण्यासाठी 75 लाख लागत नाहीत.

जमिनीबाबत माझे मत स्पष्ट आहे: विकू नये. ती नगरपालिका हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतराबाहेर असेल तर नफ्यावर कर लागत नाही, त्यामुळे विक्रीचा मोह होतो हे खरे. परंतु आपण 49 वर्षांचे आहात, आपल्याला निवृत्तिवेतन नाही आणि पाण्याखालची दोन एकर पुन्हा त्या भावात मिळणार नाही. ती तारण ठेवण्याचा विचारही सोडावा, कारण शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जासाठी स्वीकारत नाहीत. मग राहते घर गुंतवावे लागेल, जे मला त्याहून नापसंत आहे.

मी मुलीला राहुरीच्या कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून कृषी-व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घ्यायला सांगेन आणि सुट्ट्यांमध्ये पुण्याच्या आसपासच्या एखाद्या स्टड फार्मवर मोतद्दारांच्या (घोड्यांची निगा राखणाऱ्यांच्या) बरोबरीने काम करायला लावीन. त्यानंतर आयर्लंडमधील किल्डेअरच्या आयरिश नॅशनल स्टडचा सहा महिन्यांचा पैदास-व्यवस्थापन अभ्यासक्रम आहे, तसेच गोडॉल्फिन फ्लाइंग स्टार्ट हा दोन वर्षांचा, संपूर्ण खर्च देणारा कार्यक्रमही आहे. त्यात दरवर्षी जेमतेम डझनभरांना प्रवेश मिळतो, तेव्हा त्यावर विसंबून राहू नये, पण अर्ज जरूर करावा. हा सारा मार्ग 35 लाखांत बसतो आणि त्यातूनही काही शिल्लक राहावी.

तरीही ती सायरेन्सेस्टरवर ठाम असेल, तर कर्ज 20 लाखांच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे हप्ता साधारण 37 हजारांवर राहील. आणि उरलेल्या 20 लाखांची शिष्यवृत्तीतून सोय होते का, हे अनामत रक्कम भरण्यापूर्वी विद्यापीठाकडून लेखी घ्या. ठेवींच्या मुदतपूर्तीच्या तारखा मला कळवाव्यात. पौंडांतील शुल्क भरण्याच्या तारखांशी त्या जुळवून पाहतो.