पॅप स्मिअर : स्लाइड पाठवल्यावर काम संपत नाही

प्रश्न : मी एका लहान आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाळणीसाठी तिथल्या पेशी काचेवर पसरून आम्ही पाठवलेल्या (पॅप स्मिअरच्या) बऱ्याच स्लाइड ‘तपासणीस अयोग्य’ असा शेरा घेऊन परत येतात. आमचे काय चुकत असावे?

उत्तर : स्पॅच्युला (पेशी खरवडून घेण्याची चपटी पट्टी) काचेवर फिरल्यानंतरचे पहिले काही क्षण आधी तपासून पाहा. मी अनेक केंद्रांत एकच दृश्य पाहिले आहे : स्लाइड ट्रेमध्ये ठेवलेली असते, डोक्यावर पंखा फिरत असतो आणि परिचारिका रजिस्टरमध्ये नाव लिहीत असते. तेवढ्या वेळात पेशी हवेने सुकून फुगतात आणि केंद्रकाचे बारकावे पुसट होतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशी कोणती आणि बिघडलेली कोणती, हे कितीही अनुभवी तज्ज्ञाला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून स्लाइडच्या खरखरीत टोकावर नाव व क्रमांक आधीच लिहून ठेवावेत, तेही पेन्सिलीने, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ९५ टक्के इथाइल अल्कोहोलची बरणी हाताशी उघडी असावी, स्लाइड तत्काळ तिच्यात बुडवावी आणि किमान १५ मिनिटे तशीच ठेवावी. स्पॅच्युलाचे लांब टोक गर्भाशयमुखाच्या छिद्रात टेकवून पूर्ण एक वेढा फिरवला, तरच पेशी पुरेशा मिळतात. मासिक पाळी चालू असताना नमुना घेऊ नये. तसेच आधीचे दोन दिवस संबंध आणि योनिमार्गातील औषधे टाळण्यास सांगावे. एवढ्याने बहुतेक शेरे थांबतील असे मला वाटते. अयोग्य स्लाइड म्हणजे त्या स्त्रीला पुन्हा बोलावणे, आणि मजुरी बुडवून आलेली स्त्री दुसऱ्यांदा येईलच असे नाही.

प्रश्न : माझ्या रिपोर्टमध्ये ‘पेशींत सौम्य बदल’ असे लिहिले आहे. हा कर्करोग आहे का?

उत्तर : नाही. पॅप स्मिअर ही चाळणी आहे, निदान नव्हे. सौम्य बदल बहुधा एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूच्या संसर्गामुळे होतात आणि पुष्कळदा एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात. मात्र कागद कपाटात ठेवून विसरू नका. पुन्हा तपासणी केव्हा करायची किंवा कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख बारकाईने पाहणे) लागेल का, हे डॉक्टरांना विचारून तारीख लिहून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे निधी तुटपुंजा आहे, प्रयोगशाळा दूर आहे आणि रिपोर्ट यायला दोन महिने लागतात. पॅप स्मिअर शिबिरे चालू ठेवावीत का?

उत्तर : किती स्लाइड घेतल्या यापेक्षा दोष आढळलेल्या किती स्त्रियांवर उपचार पूर्ण झाले, हा आकडा आधी काढा. पॅप चाचणीने समृद्ध देशांत मृत्यू पुष्कळ घटवले, हे खरेच. पण त्यामागे प्रशिक्षित पेशीतज्ज्ञ, गुणवत्तेची फेरतपासणी, ठरावीक वर्षांनी पुन्हा बोलावणे आणि उपचारांची सोय अशी सगळी साखळी होती. एकट्या स्मिअरमध्ये बरेच दोष निसटतात, म्हणून ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ३० ते ५९ वयोगटातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे (नमुन्यात थेट विषाणू शोधणाऱ्या) गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले; एकदाच केलेल्या पेशीतपासणीने, म्हणजे पॅपने, तशी ठळक घट दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ पासून एचपीव्ही डीएनए चाचणीलाच प्राधान्य दिले आहे. ती ५ ते १० वर्षांच्या अंतराने पुरते आणि तिचा नमुना स्त्रीला स्वतःलाही घेता येतो. ती मिळेपर्यंत, रिपोर्ट वेळेत येत नसतील तर ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख पाहण्याच्या पद्धतीचा विचार करावा. त्यात दोष असल्यास मिनिटभरात पांढरे डाग दिसतात आणि योग्य रुग्णांवर त्याच भेटीत थर्मल ॲब्लेशनने (बिघडलेला भाग उष्णतेने नष्ट करून) उपचार करता येतो. पाहणाऱ्याची नजर मात्र सतत प्रशिक्षणाने तयार ठेवावी लागते. पॅप चालूच ठेवायचे असेल, तर प्रत्येक स्त्रीचा पत्ता, निरोप पोहोचवणारी व्यक्ती आणि उपचाराचे ठिकाण शिबिरापूर्वी ठरलेले असावे. जिच्यापर्यंत रिपोर्ट पोहोचलाच नाही, तिची तपासणी झाली असे मी मानत नाही.

प्रश्न : एचपीव्हीची लस घेतली आहे. तरीही तपासणी हवी का?

उत्तर : हवी. लस कर्करोगकारक विषाणूंच्या सर्वच प्रकारांना रोखत नाही आणि आधी झालेला संसर्ग बरा करत नाही.

प्रश्न : वय ५२, पाळी थांबली आहे, काही त्रास नाही, तपासणी कधीच केलेली नाही. आता उपयोग आहे का?

उत्तर : आहे. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास साधारण १५ ते २० वर्षांचा असतो, त्यामुळे जुना संसर्ग आजही आत टिकून असू शकतो. पाळी थांबल्यानंतर बदल होण्याची जागा गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूला सरकते, म्हणून ॲसिटिक ॲसिडची पाहणी तुमच्यासाठी भरवशाची नाही. एचपीव्ही चाचणी किंवा पॅप स्मिअर करून घ्यावे. पाळी थांबल्यावर अंगावरून रक्त गेले किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागले, तर शिबिराची वाट पाहू नका आणि जुना रिपोर्ट चांगला होता म्हणून निर्धास्तही राहू नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.