‘पास आउट झाले’ म्हणजे नेमकं काय झालं?

परदेशात नोकरीला जाऊ पाहणाऱ्या नर्सेसची एक धास्ती माझ्या कानावर सतत येते. व्याकरण जमतं, औषधांची नावं तोंडपाठ असतात, पण क्रियापदाला ‘आउट’, ‘अप’, ‘ऑफ’ चिकटून फ्रेजल व्हर्ब झालं की धीर सुटतो. मिरजेकडच्या एका सिस्टरचं दुखणं तर अशा एकाच जोडीचं होतं. (तपशील अर्थातच बदलले आहेत.)

ब्रिटनमधल्या एका रुग्णालयाची ऑनलाइन मुलाखत. शिक्षणाबद्दल विचारल्यावर ही म्हणाली, “आय पास्ड आउट इन 2016.” समोरच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, आता बरं वाटतंय ना? हिला काही कळेना. नंतर मैत्रिणीनं सांगितलं की तिकडे पास आउट होणं म्हणजे शुद्ध हरपणं. त्या दिवसापासून हिनं इंग्रजीत तोंड उघडणंच बंद केलं.

“मॅडम, इतकी वर्षं आयसीयू सांभाळते, आणि मी बेशुद्ध पडले होते असं सांगून आले!”

नुसतं ‘होतं गं असं’ म्हटल्यानं अशी लाज जात नाही. म्हणून आधी त्या शब्दाचं मूळ गाव दाखवलं. ब्रिटिश लष्करात प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं म्हणजे पास आउट होणं. खडकवासल्याला एनडीएत दर सत्राअखेर होते ती पासिंग आउट परेड याच अर्थाची. आपल्याकडे तो अर्थ कॉलेजांनाही लागला आणि इतका रुळला की नोकरीच्या जाहिरातीत ‘2024 पासआउट’ सर्रास छापतात. ब्रिटनमध्ये तो लष्कर, पोलीस अशा गणवेशातल्या लोकांपुरता राहिला. म्हणजे हिचं इंग्रजी मोडकं नव्हतं, ते चांगलं भारतीय इंग्रजी होतं. ऐकणारी फक्त दुसरीकडची होती.

तिकडची नर्स “आय क्वालिफाइड इन 2016” म्हणते. पदवी असेल तर “ग्रॅज्युएटेड”. बस, एवढीच अदलाबदल. इथल्या हॉस्पिटलला बायोडेटा पाठवताना मात्र पासआउट खुशाल लिही, असंही सांगितलं.

तिनं वहीत नियम मागितला. नियम नाही, पण खुणा आहेत. ‘फ्रॉम’नंतर काय येतं ते बघायचं: ‘पास्ड आउट फ्रॉम द हीट’ म्हणजे उन्हानं चक्कर येऊन पडला, ‘फ्रॉम’पुढे कॉलेज आलं तर बोलणारा बहुधा आपल्याकडचा. अमेरिकेत याच जोडीचा आणखी एक अर्थ आहे, वाटप करणं. तिथे वाटायची वस्तू सोबत लागते, ‘पास आउट द फॉर्म्स’, आणि वस्तूऐवजी सर्वनाम आलं की ते मधे बसतं, ‘पास देम आउट’. शुद्ध हरपण्याला असं कर्म नसतंच.

एका जोडीची मात्र मी तिच्याकडून घोकंपट्टी करून घेतली. ‘पास्ड आउट’ आणि ‘पास्ड अवे’. दुसऱ्याचा अर्थ माणूस गेला. नातेवाइकाला फोनवर सांगताना इथे जीभ घसरून चालणार नाही.

पाचशे फ्रेजल व्हर्ब्ज अर्थासह देणारी पुस्तकं तिनं दोन विकत घेतली होती. मला त्यांचा मनापासून कंटाळा आहे. ‘करून टाकलं’ आणि ‘करून बसला’ यातला फरक आपण काय यादीतून शिकलो? कोण, कुठे, कशावर वैतागून बोलतंय ते ऐकत शिकलो. म्हणून यादी बाजूला ठेवली आणि तिच्याच वॉर्डातले प्रसंग घेतले. बेडवरून उठताना चक्कर आलेले आजोबा, ऑपरेशननंतर शुद्धीवर येणारी बाई (ब्रिटनमध्ये याला ‘कम राउंड’ म्हणतात), उलटी होणारं पोर, म्हणजे ‘थ्रो अप’. प्रसंग ओळखीचा असला की शब्द लवकर बसतो.

तिला ओईटीची परीक्षा द्यायची होती. आरोग्यसेवकांच्या या इंग्रजी परीक्षेत बोलण्याचे दोन रोलप्ले असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे, आणि समोर बोलणारा माणूस पेशंट होतो. सरावात मी पेशंट झाले आणि म्हणाले, “सिस्टर, आय पास्ड आउट इन द बाथरूम.” क्षणभर ती थबकली. मग सुरूच झाली: डोक्याला लागलं का, किती वेळ शुद्ध नव्हती, कुणी पाहिलं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का. मला प्रश्न आवरेनात.

बोलण्याची भीती बरीच ओसरली आहे. लेखी पेपरातल्या पत्राचं रडगाणं मात्र अजून चालू आहे, पुढच्या भेटीत ते घेणार आहोत.