डीएफटीमध्ये विनिमय ऊर्जा अचूक घेऊन केवळ सहसंबंध ऊर्जेचाच अंदाज का करत नाहीत?

विनिमय ऊर्जा (समान स्पिनचे, म्हणजे त्या अंगभूत गुणाची दिशा सारखी असलेले, इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात त्यामुळे होणारी ऊर्जेतील घट) हार्ट्री-फॉक सूत्राने अचूक काढता येत असताना डीएफटीमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याच्या पद्धतीत, तिच्यासाठीही अंदाजी सूत्र का वापरतात, असे आपण विचारले आहे. शंका रास्त आहे. अणूंपुरते पाहिले तर आपण सुचवता ती वाट फारशी वाईट नाही. खरी अडचण रेणूंमध्ये येते.

वॉल्टर कोन आणि शॅम यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, जे थेट मोजता येते ते वजा केल्यावर उरलेले सगळे विनिमय-सहसंबंध ऊर्जेच्या खात्यावर पडते; सहसंबंध म्हणजे परस्पर प्रतिकर्षणामुळे इलेक्ट्रॉन एकमेकांना आणखी चुकवतात त्याचा परिणाम. गतिज ऊर्जेचा थोडा उरलेला भागही त्यातच असतो, हे पुष्कळदा विसरले जाते. हेलियम अणूत विनिमयाचा वाटा सुमारे −१.०२६ हार्ट्री (हे अणूंच्या मापाचे ऊर्जेचे एकक), तर सहसंबंधाचा अवघा −०.०४२ हार्ट्री आहे. हा आकडा दिसायला किरकोळ असला, तरी तो मोलमागे सुमारे २६ किलोकॅलरी भरतो, आणि रसायनशास्त्रात एवढ्या फरकाने निष्कर्ष उलटू शकतो.

आता हायड्रोजन अणू घ्या. इलेक्ट्रॉन एकच असल्याने सहसंबंध शून्य असायला हवा आणि इलेक्ट्रॉनाचे स्वतःशीच मोजले गेलेले ०.३१२५ हार्ट्रीचे प्रतिकर्षण विनिमयाने नेमके फेडायला हवे. स्पिन लक्षात घेणारे स्थानिक घनतेचे सूत्र, म्हणजे त्या-त्या ठिकाणची घनता एवढीच पाहणारे अंदाजी सूत्र, मात्र विनिमय −०.२६८ आणि सहसंबंध −०.०२२ देते. दोन्ही आकडे चुकीचे आहेत, तरी त्यांची बेरीज −०.२९० ही खऱ्या उत्तराच्या अधिक जवळ जाते.

रेणूत हीच परस्परांची भरपाई निर्णायक ठरते. हायड्रोजन रेणूचे दोन अणू दूर ओढले, की डाव्या केंद्रकाजवळच्या इलेक्ट्रॉनाभोवती दुसऱ्या इलेक्ट्रॉनाची जी उणीव, म्हणजे पोकळी, असते ती सगळी डावीकडेच असायला हवी, कारण दुसरा इलेक्ट्रॉन उजवीकडे गेलेला असतो. अचूक विनिमयाची पोकळी मात्र निम्मी डावीकडे आणि निम्मी उजवीकडे पसरलेली असते, आणि उजवीकडचा भाग पुसून डावीकडे आणण्याचे काम सहसंबंधावर येते. त्या एका ठिकाणची घनता आणि फार तर तिचा उतार एवढेच पाहणाऱ्या सहसंबंध सूत्राला पलीकडच्या अणूची खबरच नसते, त्यामुळे ते हे काम करू शकत नाही. अंदाजी विनिमयाची पोकळी मुळातच इलेक्ट्रॉनाच्या आसपास असते. म्हणून विनिमय आणि सहसंबंध ही जोडी, माझ्या मते, एकत्रच पारखावी.

संकरित सूत्रांत अचूक विनिमयाचा काही हिस्साच मिसळतात, तो यामुळेच: बी३एलवायपीमध्ये २० टक्के, पीबीई० मध्ये २५ टक्के. सहसंबंधही दूरवरचे पाहणारा असेल, उदाहरणार्थ आरपीए (रँडम फेज ॲप्रॉक्सिमेशन) पद्धतीत, तर विनिमय शंभर टक्के अचूक घेतात. फक्त त्यासाठी संगणकाचा वेळ कितीतरी जास्त लागतो.