गावातली बुजलेली बारव आणि वीरगळ जपायचे आहेत, पैसा नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की गावात एक बुजलेली बारव आहे, मारुतीच्या पारापाशी चार-पाच कोरीव दगड पडलेत, गढीचा एक बुरूज उरलाय. सोबतीला आठ-दहा पोरं आहेत आणि खिशात काही नाही. आमचं गाव औसा तालुक्यातलं. मी कृषी सेवा केंद्र चालवतो, इतिहास शिकलेला माणूस नाही. काही वर्षांपूर्वी आम्हीही इथंच होतो आणि सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली. म्हणून सांगतो, पहिले दोन महिने खोऱ्याला हात लावू नका. एक दोनशे पानी वही घ्या.

आमचं काय झालं ते ऐका. गावात पाच वीरगळ होते, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. दोन जुन्या वेशीबाहेर, एक ओढ्याकाठी, एक बांधावर आडवा पडलेला, एक पाराला टेकवलेला. आम्ही उत्साहात एका रविवारी पाचही ट्रॉलीत घातले, शाळेसमोर सिमेंटचा कट्टा करून ओळीनं उभे केले आणि तारेच्या ब्रशनं घासून लख्ख केले. नारळ फुटला, पेपरात फोटो आला. पुढच्या वर्षी एक जाणकार बघायला आले. त्यांचा पहिलाच प्रश्न, “यातला कुठला कुठं होता?” आम्ही सहाजण उभे होतो आणि तीन वेगवेगळी उत्तरं आली. मधल्या दगडावर सगळ्यात खालच्या चौकटीत गायी होत्या, म्हणजे गायी वळवून नेणाऱ्यांशी लढताना तो माणूस पडला. तो दगड ओढ्याकाठचा असेल तर झटापट कुठं झाली याचा अंदाज तरी बांधता आला असता. आता तो नुसता शाळेसमोरचा दगड आहे. वर ब्रशनं वरचा थर निघून गेलेला. त्यांनी चूर्‌ऽऽ असा आवाज काढला फक्त, रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

वीरगळ वाचायला अवघड नाही, पोरांना तासाभरात जमतं. खालून वर वाचायचा. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्याला कलश आणि चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य म्हणजे ते असेतोवर ही कीर्ती राहो. नुसता कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. गाढव आणि बाई कोरलेली दिसली तर तो गधेगाळ, म्हणजे दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला दगडात कोरलेली शिवी. पोरं हसतात, हसू द्या, तेवढ्यानं लक्षात राहतं. शेंदूर लागलेल्या दगडाला मात्र हात लावायचा नाही. आत काय कोरलंय याची उत्सुकता वाटणारच, पण गावाच्या लेखी तो देव आहे आणि शेंदराचा खपला काढणारा देवाला हात घालणारा. नुसता फोटो घ्या, पाया पडा, पुढं चला.

दगडावर अक्षरं दिसली तर खडूनं गिरवू नका, पीठ-तेल चोळू नका. गिरवणारा त्याला वाटतं तेच अक्षर करून टाकतो. संध्याकाळी उन्हं तिरकी पडली की, नाहीतर रात्री एका कडेनं बॅटरी धरून फोटो काढायचा, खोबणीत सावली भरते आणि अक्षरं उठून येतात. आपल्या दक्षिणेकडच्या भागात लेख जुन्या कन्नडमध्येही सापडतात, वेशीवर फारसी असू शकते. “वाचता येत नाही म्हणजे बिनकामाचं” असं म्हणून कुणी पायरीला लावून टाकू नये, एवढं बघा. आणि दगडी मंदिर दिसलं की लोक “हेमाडपंती” म्हणून मोकळे होतात. हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा प्रधान. मराठवाड्यातली कितीतरी मंदिरं त्याच्या आधीची, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली आहेत. फलक लिहिताना घाई नको.

आता वहीबद्दल. गावातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांची यादी करा आणि एकेकाला बारवेवर घेऊन जा. घरी बसून विचारलं तर “काय न्हाई बाबा, जुनी हाय” एवढंच मिळतं. आमच्या गल्लीतल्या एका आजीला पोरांनी हाताला धरून बारवेच्या तोंडाशी नेलं. ती पायऱ्यांकडं बघत बसली आणि म्हणाली, सातवी पायरी उघडी पडली की धुणं बंद, फक्त प्यायचं पाणी. तशी सासूची शिस्त होती. बहात्तरच्या दुष्काळात शेवटची पायरी दिसली आणि तिथं वाटीनं पाणी भरलं, रात्री नंबर लावून. मग तिनं बोटानं दाखवलं, कुठल्या बाजूनं कुठली माणसं पाणी भरायची आणि कुणाला वरून ओतून घ्यावं लागायचं. हेही वहीत लिहिलं. गावातल्या दोघांना ते आवडलं नाही. पण बारव पाण्याची होती तशी ती जातीचीही होती, अर्धी लिहून चालणार नाही. आम्ही त्या सातव्या पायरीचा फोटो काढून आजीला दाखवला तर म्हणाली, गाळ काढा की आधी, ही सातवी नव्हं, वरच्या गेलेल्या पायऱ्या बी मोजा.

शेतांची नावंही लिहून घ्या. गट नंबर आल्यापासून “बारवेचं रान”, “गढीमागचं”, “धोंड्याचं” ही नावं म्हाताऱ्यांबरोबर चाललीत आणि बुजलेली विहीर कुठं होती ते त्या नावांतच असतं. कागदपत्रांचं जरा जपून. निजामाच्या काळातले उर्दू कागद, मोडीतल्या चिठ्ठ्या, मुंतखब (इनामाचे कागद), खासरा पत्रकं (जमिनीच्या नोंदी) घराघरांत ट्रंकेत असतात. त्यांवरची सालं फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतली असतात, आकड्यात 590 मिळवले की इसवी साल येतं, म्हणजे 1345 फसली हे 1935च्या आसपासचं. पण इनाम जमिनीचा वाद असेल तर तुमचा मोबाईल कॅमेरा बघून लोक दार लावतील, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. घरधनी समोर असताना, त्याला हवं तेवढ्याच पानाचा फोटो. मूळ कागद कधीच आणायचा नाही.

रझाकारीच्या आठवणी विचाराल तेव्हा तर दुप्पट जपून. 17 सप्टेंबर 1948ला निजामाचं राज्य गेलं, त्याच्या आधी काय झालं हे एक गल्ली सांगते, नंतर काय झालं हे दुसरी सांगते. एक आजोबा म्हणाले, फोन बंद कर मग सांगतो. बंद केला. त्यांनी सांगितलेलं मी कुठंही लिहिलेलं नाही, इथंही लिहिणार नाही.

हे झालं की मग खोरं. त्याआधी ग्रामपंचायतीला, पोलीस पाटलाला आणि तहसीलला लेखी कळवा. नाहीतर तिसऱ्या दिवशी गुप्तधनाची अफवा उठते. आमच्याकडं उठली. रात्री कुणीतरी येऊन बारवेतला देवकोष्टक (भिंतीतला देवाचा कोनाडा) पहारीनं उचकटला, आत चिमणीचं घरटं होतं. खरोखर नाणं, मूर्ती, काहीही जुनं निघालं तर खिशात घालायचं नाही. 1878चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. आणि जागा संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे का ते आधी पुरातत्त्व खात्याकडून खात्री करून घ्या. केंद्राच्या यादीतली असेल तर 100 मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही, आणि परवानगीशिवाय तुम्ही गाळही काढू शकत नाही.

बारवेचं पाणी पंप लावून एका दिवसात उपसू नका. मागची माती ओली, जड आणि पुढचा पाण्याचा आधार एकदम गेला की दगडी भिंत आत येते. पिंपळ-उंबर ओढून उपटायचे नाहीत, मुळीबरोबर चिरे निघतात. वरून कापायचे, फुटवे येतील तसे काढत राहायचं. तळाच्या गाळात उतरताना कंदील पेटता ठेवून खाली सोडा, विझला तर कुणी उतरायचं नाही. साप निघतीलच, सर्पमित्राचा नंबर हाताशी असू द्या.

सगळ्यात जास्त भांडण सिमेंटवरून होईल. आमच्या बारवेच्या चार पायऱ्यांना कुठल्यातरी योजनेत आधीच गिलावा झाला होता. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्यामागचे दगड पापुद्रे टाकायला लागले, कारण जुन्या दगडातलं पाणी चुन्यातून बाहेर पडायचं, सिमेंट ते आत कोंडतं. जुना चुना नुसता चुना नव्हता. विटांची सुरकी, वाळू, बेलफळ, गूळ, हिरडा घालून चुना मळायच्या दगडी घाणीत मळून मुरवायचे. ती घाणीची दगडी चाकं अजून गावोगाव पडून असतात, तुमच्याकडंही असेल, आधी तीच शोधा. मळणारा गवंडी मिळेपर्यंत दुरुस्ती करूच नका. पडका बुरूज पडका ठेवलेला परवडतो. त्याची पांढरी माती मात्र ट्रॉलीनं न्यायची बंद करा. आमची गढी माळवदांवर आणि शेतांवर पसरून संपली. उरलेले दगड किल्लारीच्या भूकंपानंतर गेले. 1993च्या त्या सप्टेंबरनंतर आमच्याकडं दगडी भिंतीखाली झोपायचीच भीती बसली, लोकांनी चांगले वाडे हातानं उतरवले. त्यांना वारसा शिकवायला जाऊ नका.

पोरांना एकदा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला न्या. शाळेच्या सहलीच्या खर्चात होतं. ते प्राचीन तगर, रोमपर्यंत व्यापार होता. तिथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, मिळणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच माणसानं गोळा करून जपल्या, आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. हस्तिदंती बाहुलीपुढं आमचा एक दहावी नापास पोरगा वीस मिनिटं उभा होता. आता वही तोच सांभाळतो.

आणि पैशाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी आम्हाला चहा, दोरी आणि वही एवढाच खर्च आला. त्रास पैसे यायला लागल्यावर सुरू होतो. देणगी म्हणून कुणी ऑइल पेंटचे डबे आणून दिले तर नाही म्हणू नका, शाळेचं गेट रंगवून टाका.