फुलपाखराच्या शास्त्रीय नावापुढे माणसाचं नाव कधी कंसात, तर कधी कंसाशिवाय का असतं?

तुमचा प्रश्न असा: मुलाच्या प्रकल्पासाठी कोल्हापुरातल्या फुलपाखरांची यादी करताय. त्यात क्रिम्झन रोजच्या नावापुढे ‘(लिनियस, १७५८)’ असं कंसात आहे आणि कॉमन मॉर्मनपुढे नुसतंच ‘लिनियस, १७५८’. ही छपाईची चूक आहे का? आणि मराठी नावं असताना ही लॅटिन नावं कशाला?

चूक नाही. तो कंस मुद्दाम घातलेला असतो, मुलाच्या वहीतही तसाच ठेवा.

शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं, शाळेच्या हजेरीपटात येतं तसं. ‘पॅपिलिओ पॉलिटिस’ म्हणजे कॉमन मॉर्मन. यातलं पॅपिलिओ हे प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं नाव (हेच आडनाव) आणि पॉलिटिस हे त्या जातीचं. स्वीडनचा निसर्ग-अभ्यासक कार्ल लिनियस याने १७५८ साली सगळी फुलपाखरं पॅपिलिओ या एकाच प्रजातीत घातली होती. पुष्कळांना त्याने ग्रीक पुराणकथांमधल्या ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावं दिली. हेक्टर आणि पॉलिटिस हे दोघेही ट्रॉयचा राजा प्रायम याचे मुलगे. पुढे अभ्यासकांनी हेक्टरला, म्हणजे क्रिम्झन रोजला, पॅकलिऑप्टा या दुसऱ्या प्रजातीत नेलं. पॉलिटिस मूळ घरातच राहिलं. प्रजाती बदलली की पहिलं नाव देणाऱ्याला कंसात टाकायचं, असा नियम आहे.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. फुलपाखराचंही असंच घराणं बदलतं. फक्त महाराजांचं नावही बदललं होतं, फुलपाखराचं स्वतःचं नाव टिकतं आणि आडनाव तेवढं बदलतं.

लॅटिन कशाला, ते मला आमच्या परड्यातल्या कढीपत्त्याने शिकवलं. एका पावसाळ्यात एक मादी कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालत फिरताना दिसली. काळी, मागच्या पंखांवर मध्ये पांढरे ठिपके, कडेला लाल चंद्रकोरी. मी अळ्या वाढवल्या. लहान असताना त्या थेट पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्यावर हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागून दोन शिंगांसारखा लालसर अवयव बाहेर काढतात आणि उग्र वास येतो. कोष फुटले तेव्हा पहिले तीन निघाले ते काळे, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची नुसती एक माळ, लाल रंगाचा पत्ता नाही! चौथं निघालं ते आईसारखं. एकाच आईची ही पोरं. नर तसे, मादी अशी. शिवाय याच जातीची एक मादी हुबेहूब क्रिम्झन रोजसारखी असते आणि एक नरासारखीच.

लिनियससमोर फक्त वाळवलेली फुलपाखरं होती. त्यामुळे त्याने त्याच १७५८ च्या पुस्तकात नराला ‘पॅमॉन’ आणि या लाल चंद्रकोरींच्या मादीला ‘पॉलिटिस’ अशी दोन वेगळ्या जातींची नावं दिली. दोन्ही एकच आहेत हे कळल्यावर त्यातलं एक राहिलं. वेगवेगळ्या रूपांखाली जात एकच आहे हे सांगायला जगभर चालणारं एकच नाव लागतं. मादीची ही सोंगं एका जनुकामुळे होतात, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं.

मराठी नावं अवश्य वापरा, मला ती मनापासून आवडतात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन २०१५ साली जाहीर झालं तेव्हा ‘राणी पाकोळी’ होतं, नंतर त्याला ‘नीलवंत’ म्हटलं गेलं. पण पाकोळी म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे फुलपाखरू येतं, तर कुणाच्या डोळ्यांपुढे त्या नावाचा पक्षी. म्हणून मुलाला दोन्ही लिहू द्या, मराठी आधी आणि त्याच्याखाली शास्त्रीय.

एक काळजी मात्र घ्या. लाल ठिपक्यांचं काळं फुलपाखरू दिसलं की लगेच ‘क्रिम्झन रोज’ म्हणून लिहू नका. धड बघा. क्रिम्झन रोजचं पोट लाल असतं, मॉर्मनच्या मादीचं काळं. पंखांची नक्कल जमली तरी अंगाचा तो लाल रंग तिला जमलेला नाही.