तांबं तिथेच होतं, मग आधी का नाही सापडलं?

प्रश्न : तांब्याच्या एखाद्या जागेवर बोअर मारले जातात, हाती काही लागत नाही, जागा सोडून दिली जाते. पुढे काही वर्षांनी त्याच परिसरात दुसऱ्या कुणाला मोठा साठा सापडतो. दगड तर तोच! मग पहिल्यांचं चुकलं म्हणायचं, की दुसऱ्याचं नशीब?

उत्तर : नशिबाला मी यात फार जागा देत नाही. माझी बरीच वर्षं कोअरच्या पेट्यांपुढे उकिडवं बसून गेली. बोअरमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या क्रमाने लावून ठेवतात, त्या या पेट्या. ‘तांबं नाही’ असं लिहिणं आणि ‘इथे काय आहे’ हे लिहिणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं सगळे करतात. दुसरं राहून जातं.

तुमच्या प्रश्नाला अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या सॅन मॅन्युएलइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तिथे रेड हिल नावाचं तांबूस टेकाड होतं. वर दिसायला थोडासाच खनिजाळ दगड, बाकी सगळं गाळाखाली झाकलेलं. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची निकड वाढली, तेव्हा १९४३ मध्ये तिथल्या सरकारच्या खाण विभागाने बोअर मारायला सुरुवात केली आणि झाकलेल्या भागात प्रचंड साठा निघाला. दर्जा सुमारे ०.७ टक्के, म्हणजे शंभर किलो दगडात जेमतेम पाऊण किलो तांबं. पण दगड अफाट होता, त्यामुळे खाण उभी राहिली.

या साठ्याचा आकार मात्र विचित्र होता. तो समजायला असं तांबं कसं बसतं ते पाहावं लागेल. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी तिथल्या फार जुन्या ग्रॅनाइटमध्ये खालून शिलारस घुसला. तो थंडावताना सुटलेल्या तापलेल्या, खारट पाण्याने आजूबाजूचा दगड तडकवला आणि त्या बारीक भेगांत तांब्याची सल्फाइडं, म्हणजे गंधकाशी जोडलेल्या तांब्याची खनिजं, बसली. यालाच पॉर्फिरी साठा म्हणतात. ते पाणी दगडालाही बदलून जातं, आणि तेही पट्ट्यापट्ट्यांनी. मध्याशी तपकिरी बायोटाइट आणि गुलाबी फेल्डस्पार, त्याबाहेर पांढुरका सेरिसाइट आणि भरपूर पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज), सगळ्यात बाहेर हिरवट क्लोराइट आणि एपिडोट. चांगलं तांबं साधारण पहिल्या दोन पट्ट्यांच्या हद्दीवर असतं, पोकळ नळीच्या भिंतीसारखं. नळीचा गाभाही गरीब आणि बाहेरही गरीब.

सॅन मॅन्युएलला ही नळी अर्धीच होती. उभा चिरलेला बांबू आडवा ठेवावा तशी. डेव्हिड लोवेल या भूवैज्ञानिकाने १९६५ च्या सुमारास विचारलं, उरलेली अर्धी कुठे गेली? त्याचं म्हणणं असं : मूळची उभी नळी भूकवचाच्या हालचालींत कलून जवळजवळ आडवी झाली, मग सॅन मॅन्युएल फॉल्टने, म्हणजे जिच्यावरून दगड सरकतो अशा मोठ्या भेगेने, तिला लांबीत कापलं आणि वरचा तुकडा नैर्ऋत्येकडे उतारावरून अडीचेक किलोमीटर खाली घसरला. शेजारच्या जमिनीवर पूर्वी मारलेल्या बोअरचे नमुने त्याने पुन्हा पाहिले. त्यांत खाण करण्याजोगं तांबं नव्हतं, पण दगड बदललेला होता आणि तो बदल कुठल्या दिशेला वाढतो हेही दिसत होतं. त्या अंदाजावर खोल बोअर मारले आणि साधारण पाऊण किलोमीटर खोलीपासून पुढे दुसरा अर्धा भाग लागला. तोच कॅलमझू साठा. १९७० मध्ये लोवेल आणि जॉन गिल्बर्ट यांनी या पट्ट्यांची मांडणी शोधनिबंधात प्रसिद्ध केली आणि पॉर्फिरी शोधणाऱ्यांच्या कामाचा तो पाया झाला. चिलीतला एस्कोंदिदा साठा १९८१ मध्ये सापडला, तोही लोवेलच्याच नेतृत्वाखाली.

तेव्हा पहिल्यांचं चुकलं का? माझ्या मते बोअर मारण्यात काहीच चुकलं नव्हतं. त्यांचे नमुने जपलेले होते म्हणून तर पुढचं घडलं. फक्त तेव्हा त्या नमुन्यांना विचारायचा प्रश्न कुणाकडे नव्हता.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. उमेदीच्या काळात मी एका बोअरची नोंद केली होती. तीनशे मीटर करडा दगड, चाल्कोपायराइटचा, म्हणजे तांब्याच्या नेहमीच्या सल्फाइडचा, कणही नाही. संध्याकाळ झाली होती, मी ‘निरर्थक’ असा शेरा मारून वही मिटली. काही वर्षांनी एका सहकाऱ्याने विचारलं, पायराइट खाली वाढत जात होतं की कमी होत होतं? माझ्या वहीत ते नव्हतं. पेट्या शोधायला गेलो तर शेडचं छप्पर गळून लाकूड कुजलेलं, कांड्या एकमेकींत मिसळलेल्या, कुठली कांडी किती खोलवरची ते दाखवणारे ठोकळे गायब. एक तुकडा उचलला, पाणी लावून भिंगाखाली धरला. सेरिसाइटची रेशमी चमक आणि पायराइटच्या शिरा स्पष्ट दिसल्या. पण तो तुकडा चाळीस मीटरवरचा की दोनशे चाळीसवरचा, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. तो बोअर पुन्हा मारला गेला नाही. त्या शेऱ्याची खंत मला आजही आहे.

प्रश्न : हिरवा दगड सापडला की खाली तांबं असतंच का?

उत्तर : हिरवा रंग बहुधा मॅलाकाइटचा, म्हणजे पाणी आणि हवा लागून बदललेल्या तांब्याचा. पण एपिडोट आणि क्लोराइटही हिरवेच, म्हणून आधी खात्री करा. पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर मॅलाकाइट फसफसतं, ही दोन्ही नाही. आणि मॅलाकाइटच असलं तरी त्याचा पापुद्रा फार पसरतो, चिमूटभर तांबं अख्खा कडा रंगवू शकतं. हातोडीने दगड फोडून आत बघा. रंग फक्त भेगांवर असेल तर तांबं कदाचित दुसरीकडून वाहत आलेलं आहे. मग चढाच्या दिशेने चालत जा.